प्रमाणपत्र नको, गाळाचा हिशोब मागा

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी,
नगरपंचायत, समुद्रपूर, जि. वर्धा



ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा घरपट्टी आणि बांधकाम परवान्यांसोबत आणखी एक जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली. गावातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याची. ती अजून कुणाला फारशी टोचत नाही, कारण पाणी उताराने आपसूक जातं आणि तक्रार घेऊन परत येत नाही. पण १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाख लोकसंख्येच्या आतल्या गावांसाठीही सांडपाणी शुद्धीकरणाचा पैसा ठेवलेला आहे. म्हणजे आज ना उद्या सल्लागार नकाशांची गुंडाळी घेऊन येईल, आराखडा होईल, निविदा निघेल, फीत कापली जाईल. फीत कापल्यावर असलं पत्र कुणी वाचत नाही, म्हणून आधीच लिहितो आहे.

माझी नोकरी अशाच प्रकल्पांवर गेली. कापडाच्या कारखान्याचे प्रकल्प पाहिले, तेलगिरणीचे पाहिले, नगरपालिकांचे पाहिले. काँक्रीट फुटून बंद पडलेला प्रकल्प क्वचितच दिसला. चालू असूनही मेलेले मात्र बरेच दिसले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशातल्या मैलापाणी प्रकल्पांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होतं. उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. त्यातली चालू स्थितीतली २६,८६९. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २०,२३५. पहिल्या दोन आकड्यांमधली दरी प्रत्येक भाषणात येते, कारण तिच्या नावावर नवं बांधकाम मागता येतं. पुढच्या दरीबद्दल कुणी बोलत नाही. जे बांधलं त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नुसतं पडून होतं. त्यातही 'चालू' या रकान्यात असे प्रकल्प असतात की टाकीत हवा सोडणारा ब्लोअर घरघरतो आहे, वीजबिल येतं आहे, दुसऱ्या टोकाला पाणीही पडतं आहे, पण टाकीतला जीव गेलेला आहे.

जीव हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. सांडपाण्यातली घाण यंत्र खात नाही, जिवाणू खातात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी दाखवून दिलं की मैलापाण्यात हवा सोडली आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळत राहिलं, तर आठवड्यांचं काम तासांवर येतं. कारण त्या गाळात खाणारे साठलेले असतात. आजही जगातले बहुतेक मोठे प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. हवा देण्याची टाकी, गाळ बसवण्याची टाकी म्हणजे क्लॅरिफायर, तिथून गाळ मागे आणणारा पंप, आणि जास्तीचा गाळ बाहेर काढण्याची सोय. बाकी सगळी सजावट.

तुमच्यापैकी ज्यांच्या दारात जनावरं आहेत त्यांना हे एका वाक्यात कळेल: हा गोठा आहे. वेळेवर चारा, पुरेशी हवा, आणि रोज शेण काढणं. यातलं एक चुकलं की बाकी दोन कितीही नीट करा, गोठा बिघडतो. आपल्याकडे चाऱ्याची म्हणजे सांडपाण्याची कधीच कमी नसते. हवेसाठी महागाचे ब्लोअर घेतले जातात. शेण काढायचं मात्र आराखड्यात एका ओळीत उरकलेलं असतं.

म्हणून प्रकल्पाच्या आजाराचं पहिलं निदान प्रयोगशाळेत होत नाही, रजिस्टरमध्ये होतं. हिशोब सोपा आहे, नगरसेवकाला सभेत बसल्या बसल्या करता येईल. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर आलं, तर दहा हजार वस्तीमागे रोज साधारण पावणेअकरा लाख लिटर. त्यात खाण्याजोगी घाण, जिला बीओडी म्हणतात, लिटरला २५० मिलिग्रॅम धरली तर रोज २७० किलो. जिवाणू ती खातात आणि वाढतात. ढोबळ मानाने त्यातून निदान सव्वाशे किलो नवा गाळ तयार होतो, तोही कोरडा मोजलेला. टाकीतून निघताना त्यात शंभरात नव्व्याण्णव भाग पाणीच असतं, म्हणजे रोज साडेबारा हजार लिटर ओला गाळ, दोन-अडीच टँकर. वर्षाचा कोरडा गाळ पंचेचाळीस टन.

आता प्रकल्पावर जा आणि विचारा, गेल्या वर्षी किती गाळ काढला? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "काढायची गरजच पडली नाही साहेब." हे ऐकून खूश होणारे अधिकारी मी पाहिले आहेत. खर्च वाचला! पण पंचेचाळीस टन वस्तू हवेत विरत नाही. तो गाळ रात्री किंवा पावसाच्या सरीत शुद्ध पाण्यासोबत नाल्यात गेलेला असतो. सव्वाशे किलो गाळ पावणेअकरा लाख लिटरमध्ये वाटून पाहा, लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर येतो. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांबाहेरच्या गावांना तरंगत्या गाळाची मर्यादा नेमकी शंभर आहे आणि बीओडीची तीस. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याहून कडक निकष धरायला सांगितलं. म्हणजे ज्या प्रकल्पातून गाळ निघत नाही, तो कागदावर कितीही शुद्ध दिसो, मर्यादेत असूच शकत नाही. एवढ्या साध्या भागाकाराने जे कळतं ते कळून घ्यायला आपण दरमहा नमुने नागपूरला पाठवतो.

नमुन्याचंही सांगतो. आपल्याकडची बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. नमुना नेणं, अहवाल टाइप होणं, सही होणं धरून आठवडा जातो. अहवाल हातात येतो तेव्हा टाकीत जे काही होतं ते केव्हाच नाल्याला लागलेलं असतं. शिवाय नमुना घेणारा सकाळी अकराला येतो हे प्रकल्पावरच्या मांजरालाही ठाऊक असतं. अहवाल कायद्यासाठी लागतो, तो घ्याच. पण त्यावर प्रकल्प चालवता येत नाही.

प्रकल्प चालतो तो एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यावर. मोजपट्टी असलेलं ते नळकांडं शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळेल. हवेच्या टाकीतलं गढूळ पाणी त्यात काठोकाठ भरायचं, सावलीत ठेवायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. ते अर्ध्या तासात काय करतं हे डोळ्यांनी पाहिलं तर निम्मं निदान झालं. गाळ निरोगी असेल तर पाचेक मिनिटांत कण एकमेकांना धरून फुलासारखे गोळा होतात, गाळ आणि पाणी यांच्यात सरळ रेघ दिसते, ती हळूहळू खाली सरकते, वर काचेसारखं पाणी उरतं. रंग चॉकलेटी, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. अर्ध्या तासाने गाळ २५० मिलिलिटरच्या खुणेवर आला आणि टाकीत लिटरला अडीच ग्रॅम कोरडा गाळ असेल, तर एका ग्रॅमला शंभर मिलिलिटर जागा लागली. या आकड्याला एसव्हीआय म्हणतात. ८० ते १५० पर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेला की गाळ फुगायला लागला असं समजायचं.

आता समजा अर्ध्या तासाने रेघ ८०० वरच अडकली आहे. इथे नवखा ऑपरेटर घाबरतो आणि ठेकेदार काही तरी विकायला बघतो. पण ८०० ची दोन कारणं असू शकतात आणि दोघांचे उपाय उलट आहेत. एक, गाळाला केसासारखे लांब जिवाणू आले आहेत, ते कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत. दोन, गाळ चांगलाच आहे, फक्त फार झाला आहे, एकमेकांना ढकलत खाली जायला जागा नाही. ओळखायचं कसं? दुसरं नळकांडं घ्या, त्यात अर्धं तेच पाणी आणि अर्धं प्रकल्पातून बाहेर पडणारं शुद्ध पाणी. पुन्हा अर्धा तास. रेघ ४०० च्या बऱ्याच खाली गेली, समजा दीडशे-दोनशेवर आली, तर गाळ फार झाला होता. काढा आणि मोकळे व्हा. ४०० च्या आसपासच घुटमळली तर गाळ खरोखर फुगला आहे आणि कारण शोधावं लागेल. दोन नळकांडी, एक तास, खर्च शून्य. एवढं न करता गाळ बसवायला लाखभराचं पॉलिमर ओतलेलं मी पाहिलं आहे.

नळकांडं लगेच ओतून टाकायचं नाही, हेही ऑपरेटरला सांगा. आणखी दोन तास तसंच राहू द्या. कधीकधी तळाशी छान बसलेला गाळ एकदम वर उठतो, ढेपळ्यांसारखा तरंगतो. काडीने हलकं ढवळलं की बारीक बुडबुडे सुटतात आणि गाळ पुन्हा खाली जातो. हा विदर्भाच्या उन्हाळ्याचा खास रोग आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सांडपाणीही तापतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेत जोरात काम करतात. मग क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ फार वेळ पडून राहिला, तिथला ऑक्सिजन संपला, की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. तोच गाळाला वर उचलतो. उपाय म्हणजे मागे आणणारा पंप जास्त वेळ चालवणं आणि जुना गाळ काढणं. पण वर तरंगणारी ढेपळं पाहून नेमका उलटा उपाय होतो. 'गाळ बसत नाहीये, बसू द्या जरा' म्हणून पंप कमी केला जातो आणि संध्याकाळपर्यंत क्लॅरिफायरभर खपली धरते.

उन्हाळ्याचा दुसरा मार ऑक्सिजनवर. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना सातच्याही आत. तेव्हाच जिवाणूंची भूकही वाढलेली असते. त्यात दुपारी वीज गेली आणि जनरेटरचं डिझेल संपलेलं असेल तर दोन-चार तासांत टाकी काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आराखडा करणाऱ्याने ब्लोअर कोणत्या तापमानाला धरून मोजला हे विचारा. पुण्याच्या हवेला धरलेला ब्लोअर समुद्रपुरात पुरणार नाही.

ऑक्सिजनबद्दल आणखी एक. मीटरवरचा आकडा अचानक वाढला, ब्लोअर तोच, पाणी तेवढंच, तर ऑपरेटर खूश होतो. खरं तर तेव्हा धावत जाऊन येणारं पाणी पाहायला हवं. ऑक्सिजन वाढला कारण तो खाणारे खायचे थांबले. कुणी तरी ब्लीचिंग पावडर, आम्ल, रंगाचा हौद, कीटकनाशकाचे डबे धुतलेलं पाणी गटारात ओतलं आहे. खरीप-रब्बीच्या फवारणीच्या तालुक्यात ही शंका मनात ठेवलेली बरी. अशा वेळी येणारं पाणी बाजूला वळवून साठवता आलं तर गाळ वाचतो, नाही तर पुन्हा तयार करायला आठवडे लागतात. वळवायला एक रिकामी टाकी लागते. ती आराखड्यात असते, खर्च वाढला की सगळ्यात आधी तीच कापली जाते.

हिंगणघाट-जाम हा आपला शेजार कापसाचा आणि कापडाचा. तिथल्या कारखानदारांना हे पत्र नाही, पण कापडाच्या पाण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विदर्भाबाहेरच्या एका रंगाई कारखान्यात वर्षभर गाळ फुगत होता. एसव्हीआय तीनशेच्या खाली येत नव्हता. गाळ हाताला बुळबुळीत, जणू चिकट शेंबूड. ठेकेदाराने तीनदा जिवाणूंच्या 'कल्चर'ची पुडकी आणून टाकली, त्याआधी शेण आणि गूळ टाकून झालं होतं. शेण-गूळ नवीन टाकी सुरू करताना एखादे वेळी कामाला येतो. भरलेल्या टाकीत तो टाकणं म्हणजे आधीच पोट बिघडलेल्याला लाडू वाढणं.

सूक्ष्मदर्शकाखाली गाळाचा थेंब ठेवला आणि कडेला चित्रकलेच्या काळ्या शाईचा एक थेंब सोडला. चांगल्या गाळात ती शाई आतपर्यंत शिरते, सगळं करडं-काळं दिसतं. इथे शाई कडेलाच थांबली, मधे पांढरेफेक डाग राहिले. ते डाग म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती केलेला चिकट पदार्थ. खायला भरपूर आहे, पण शरीर बांधायला नायट्रोजन आणि स्फुरद नाही, अशा वेळी ते असं करतात. मैल्याच्या पाण्यात हे दोन्ही भरपूर असतं, कापड धुतलेल्या-रंगवलेल्या पाण्यात जवळजवळ नसतं. ठोकताळा असा की शंभर भाग बीओडीला पाच भाग नायट्रोजन आणि एक भाग स्फुरद. रोजच्या दहा लाख लिटरमध्ये लिटरला ६०० मिलिग्रॅम बीओडी, म्हणजे ६०० किलो. त्याला ३० किलो नायट्रोजन, सहा किलो स्फुरद. दुकानातल्या भाषेत सांगायचं तर पन्नास-पंचावन्न किलो युरिया आणि तीस किलो डीएपी. आपला कुठलाही शेतकरी हा हिशोब तोंडी करेल. पाण्यात आधीच असेल तेवढं वजा करून खत रोज टाकायला लागल्यावर तीन आठवड्यांत एसव्हीआय दीडशेवर आला. कल्चरच्या पुडक्यांवर गेलेल्या पैशात दोन वर्षांचा युरिया आला असता.

सूक्ष्मदर्शकाचा विषय निघालाच आहे तर त्याची भीती घालवतो. ४० पटीपासून ४०० पटीपर्यंत दाखवणारं साधं उपकरण पुरतं. ज्या कॉलेजात विज्ञान शिकवतात तिथे ते असतंच. थेंबात काय दिसतं? गाळाच्या कणाला देठाने चिकटलेले घंटेसारखे जीव, तोंडाभोवतीचे केस सारखे फिरवून पाणी आत ओढणारे, दिसले तर प्रकृती उत्तम. नुसते सैरावैरा पळणारे शेपटीवाले आणि अमीबा दिसले तर गाळ कोवळा आहे किंवा त्याला नुकताच धक्का बसला आहे. चाकासारखं तोंड असलेले रोटिफर आणि वळवळणारे बारीक सूत्रकृमी भरपूर झाले तर गाळ जुना झाला, काढायला हवा. आणि सगळे जागच्या जागी थांबलेले दिसले तर विष आलं. हे शिकायला बीएस्सी लागत नाही. दहावी झालेल्या, डोळस आणि नियमित पोराला महिन्याभरात जमतं. नागपूरला १९५८ पासून नीरी ही संस्था याच विषयावर काम करते आहे. तिथल्या कुणाकडून दोन दिवसांचं शिक्षण मिळवणं एका पत्राचं काम आहे.

फेसाचंही थोडक्यात सांगतो, कारण नागरिकांची पहिली तक्रार फेसाची येते. पांढरा, साबणासारखा, वाऱ्याने उडणारा फेस नवीन प्रकल्पात पहिले काही आठवडे येतोच. गाळ वाढला की जातो. तपकिरी, जाड, सायीसारखा, पाण्याच्या फवाऱ्यानेही न मोडणारा फेस वेगळा. त्यामागे गाळाचं वय फार झालेलं असतं किंवा तेल-तूप फार येत असतं. त्यावर फेस मारणारं औषध शिंपडलं की तो दोन तास दबतो, बस. जुना गाळ काढा, आणि गावातल्या ढाब्यांना, मंगल कार्यालयांना तेल अडवायची कुंडी सक्तीची करा. जाम चौरस्त्यावर ढाब्यांची काय रांग आहे हे तुम्हाला सांगायला नको.

आता सेप्टिक टँक. लहान गावात भुयारी गटार येईपर्यंत निम्म्याहून जास्त घाण सेप्टिक टँकमध्ये असते आणि ती उपसणारा टँकर कुठे रिकामा होतो हे कुणी विचारत नाही. उद्या प्रकल्प झाला की सगळ्यांना वाटेल, टँकर तिथेच रिकामा करू. तिथे सावध राहा. त्या मैल्याचा बीओडी लिटरला सरासरी सहा हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पाच हजार लिटरचा एक टँकर म्हणजे तीस किलो. दहा हजार वस्तीच्या प्रकल्पाच्या दिवसभराच्या २७० किलोतला नववा हिस्सा, तोही दहा मिनिटांत. असे दोन-तीन टँकर लागोपाठ आले की त्या रात्री टाकी काळी होणार. साताऱ्याच्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने यावर शहाणपणाचा मार्ग काढला. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक घराचा सेप्टिक टँक उपसायचा आणि तो मैला वेगळ्या प्रकल्पात न्यायचा. दोन्ही गावं आपल्यापेक्षा मोठी आहेत, पण पद्धत उचलण्यासारखी आहे. मला विचाराल तर समुद्रपूरने आधी हे करावं, मोठी टाकी नंतर. आणि टाकी करायचीच झाली तर जागा असताना विजेवर धावणाऱ्या यंत्रांपेक्षा तळ्यांची किंवा नीरीच्या फायटोरिडसारखी वनस्पतींची पद्धत आधी तपासावी. लहान गावाला वीजबिलच मारतं. तिथेही वाफे गाळाने तुंबतात, गाळाचा हिशोब सुटत नाही, पण ब्लोअर बंद पडण्याची धास्ती नसते.

या सगळ्यात जो माणूस महत्त्वाचा आहे त्याच्याबद्दल शेवटी. प्रकल्पावरचा ऑपरेटर बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा चौकीदार असतो. अकरा महिन्यांनी बदलतो. त्याच्या रजिस्टरमध्ये रोज तोच आकडा असतो, कारण आकडा बदलला तर प्रश्न विचारले जातात. ऑक्सिजन २.०, गाळ ३०० मिलिलिटर, सोमवार ते रविवार, एकाच पेनाने, बहुधा एकाच दिवशी लिहिलेलं. खऱ्या रजिस्टरमध्ये आकडे वरखाली होतात, एखादा दिवस कोरा असतो, कडेला 'वीज नाही ३ तास' असं खरडलेलं असतं. असं घाणेरडं रजिस्टर दिसलं तर त्या माणसाची पाठ थोपटा. गाळ काढायचा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला द्या, वरून फोन येईपर्यंत थांबायला लावू नका. आणि काहीही झालं तरी त्याला टाकीत उतरवू नका. गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गाळाच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड कायदा मोडला की नाही हे विचारत नाही.

या जिल्ह्याला सफाईची परंपरा कुणी शिकवायला नको. विनोबा पवनारहून शेजारच्या सुरगावला रोज फावडं घेऊन जात, मैला स्वतः उचलत, आणि त्यात खंड पडू देत नसत. गाळाच्या कामाला तोच न चुकणारा रोजचा क्रम लागतो.

तर निविदा काढाल तेव्हा एवढं लिहून घ्या. गाळ वाळवायचे वाफे पावसाळ्यातही चालतील असे छतासकट हवेत, आणि वाळलेला गाळ तपासून कुठे जाईल ते ठरलेलं हवं. दोन नळकांडी, ऑक्सिजनचं मीटर आणि सूक्ष्मदर्शक प्रकल्पावर हवेत, ठेकेदाराच्या नागपूरच्या कार्यालयात नकोत. अर्ध्या तासाची चाचणी रोज सकाळी हवी आणि तिचा फोटो नगरपंचायतीच्या आरोग्य निरीक्षकाला जायला हवा. ठेकेदाराच्या दरमहाच्या बिलाचा ठराविक हिस्सा बीओडीच्या कागदाला न बांधता त्या महिन्यात मोजून काढलेल्या गाळाला बांधा. आणि चालवण्याच्या पहिल्या पाच वर्षांचा पैसा, विजेसकट, बांधकामाचा ठराव होण्याआधी कुठून येणार ते लिहून घ्या. बरेच प्रकल्प तिथेच बंद पडतात.

आराखडा सभेपुढे येईल त्या दिवशी सल्लागाराला एकच प्रश्न विचारा: रोज किती किलो गाळ निघणार आणि तो कुठे जाणार? त्याने आकडा आणि जागा दोन्ही सांगितलं तर पुढे जा. नाही सांगितलं तर त्या सभेत ठराव मंजूर करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

कळावे,

आपला,
तालुक्यातला एक करदाता